मागे लोंबणारी हिरवी तार

मित्रांनो, मी एक जुना रिसीव्हर आहे. आधीच सांगून ठेवतो, फार बोलण्याचे त्राण आता माझ्यात उरलेले नाही. तेवीस वर्षे एका घरातले आवाज उचलले, मोठे केले आणि पोचवले. आता उजव्या बाजूचा आवाज अधूनमधून दगा देतो, पुढचे गोल बटण फिरवले की खरखर होते, आणि अर्धा तास चाललो की अंग तापते. पण एक गोष्ट मनात घर करून बसली आहे. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचे नाही.

रिसीव्हर म्हणजे काय, हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. हल्ली आवाज कुठूनही येतो, भिंतीतून येतो, घड्याळातून येतो. माझ्या उमेदीच्या काळात तसे नव्हते. टीव्ही, सीडी, टेप, रेकॉर्ड प्लेअर ही सगळी मंडळी आपापला बारीक आवाज तारेतून माझ्याकडे पाठवत, आणि मी तो मोठा करून खोलीतल्या पाच स्पीकरांना वाटून देत असे. मला स्वतःचा आवाज नाही. जन्मभर दुसऱ्यांचेच बोलणे पुढे पोचवले. आज पहिल्यांदाच स्वतःचे काही सांगायला बसलो आहे, तेव्हा मध्ये अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म मलेशियातल्या एका कारखान्यात झाला. पाठीचा पत्रा आला तेव्हाच त्याला भोके पाडलेली होती, एकूण छत्तीस. लाल आणि पांढरी, जोडीजोडीने, दिसायला सगळी सारखी. तरी त्यातली एक जोडी निराळी आहे. बाकीची मंडळी माझ्याशी सरळ बोलतात, पण रेकॉर्डवरची सुई फक्त कुजबुजते. तिची कुजबुज आधी वेगळी उचलावी लागते, तिच्यातला हरवलेला खर्ज परत भरावा लागतो, आणि मगच तिला बाकीच्यांच्या रांगेत बसवता येते. हे काम माझ्यातला एकच कप्पा करतो आणि त्याचा रस्ता त्या एकाच जोडीतून जातो. जोडीच्या शेजारी एक छोटा स्क्रू आहे. रेकॉर्ड प्लेअरला दोन पिनांखेरीज एक तिसरी, अर्थिंगची बारीक तार असते. ती या स्क्रूला आवळायची, नाहीतर घूं घूं सुरू होते. एवढे ध्यानात ठेवा. बाकीचे विसरलात तरी चालेल.

कारखान्यातून निघालो तो थेट अमेरिकेत, उत्तर मिनेसोटातल्या लोखंडाच्या खाणींच्या गावी येऊन पडलो. मला घरी आणले ते पावला झुपांचिच या बाईंनी. नवरा अल्बिन खोके उचलायला बरोबर होता, तेवढाच. अल्बिन खाणीत मोठ्या ट्रकांचा मेकॅनिक होता. एकेक चाक माणसाच्या दुप्पट उंचीचे, असे ते ट्रक. त्यांचे इंजिन तो डोळे मिटून उघडायचा. पण माझ्या पाठीमागे तो कधी आला नाही. त्या घरात वाटणी ठरलेली होती. चाके, छप्पर आणि बर्फ अल्बिनचे, आवाजाचे खाते पावलाचे.

त्यालाही कारण होते. पावला तरुणपणी बटणांचा अकॉर्डियन वाजवायची आणि गायची. ती, तिच्या दोघी बहिणी आणि एक मावसभाऊ मिळून त्यांचा बँड होता. स्लोव्हेनियाहून येऊन वसलेल्या त्यांच्या लोकांच्या हॉलमध्ये दर शनिवारी नाच असे, तिथे हे चौघे वाजवत. एकवीस वर्षांची असताना तिने एक रेकॉर्ड काढली. तीनशे प्रती छापल्या आणि नाच संपल्यावर गाडीची डिकी उघडून विकल्या. माझ्या वेळेपर्यंत त्यातली एकच घरात उरली होती. पावलाने मला फडताळावर बसवले, जमिनीवर उताणी झोपून एकेक तार जागेवर घातली आणि लोणी लावायच्या सुरीने तो स्क्रू आवळला. मग पहिली रेकॉर्ड लावली ती स्वतःचीच, आणि दोन कडव्यांनंतर "पुरे झालं माझं कौतुक" म्हणून बंद केली.

तो माझा चांगला काळ होता. नाताळात घर भरे. सिनेमात हेलिकॉप्टर मागून पुढे गेले की पाहुणे माना वळवून बघत. जावई कर्ट दर वेळी म्हणे, "काय आवाज आहे हो याचा!" मला तेव्हा वाटे की हे असेच चालणार. कुणी कौतुक केले की आपण किती दिवसांचे, हा विचार मनात येत नाही.

चार वर्षांपूर्वी पावला गेली. आजारपण लांबले होते, आणि त्या दिवसांत अल्बिन तिची ती रेकॉर्ड रोज लावू लागला. पलंगावरून ती त्याला चिडवायची. "रोज रोज लावू नकोस रे. झिजेल. मग मी नसताना काय ऐकशील, हवामानाच्या बातम्या?"

ती गेल्यावर त्याने बाकीच्या रेकॉर्डी हॉलच्या विक्रीला देऊन टाकल्या आणि ही एक ठेवली. वाजवायची तीही फक्त रविवारी. चर्चमधून यायचे, कॉफी करायची, पोतीत्सा नावाच्या अक्रोड भरलेल्या गोड पावाचा एक काप घ्यायचा आणि एकच बाजू ऐकायची. बाजू संपली की सुई स्वतःच्या हाताने उचलायची. बाकी आठवडाभर मी टीव्हीपुरता चालत होतो. माझ्यावर धूळ साचली, पाठीमागे कोळ्याने घर केले. पण रविवार होता, म्हणून मला तक्रार करायला जागा नव्हती.

मुलगी जोलीन दुलुथला राहते, गाडीने दीड तासावर. आईच्या रेकॉर्डची नक्कल कॉम्प्युटरवर उतरवून ठेवू या, असे ती वर्षभर म्हणत होती. अल्बिन म्हणे, "पुढच्या महिन्यात." म्हातारा टाळत नव्हता, त्याला फक्त घाई नव्हती. त्याच्या लेखी पावला दर रविवारी येत होती, मग नक्कल कशाला.

मग गेल्या जानेवारीत खोलीत नवे कार्पेट आले. फडताळ हलवायचे म्हणून माझ्या सगळ्या तारा उपटल्या गेल्या. कार्पेट बसल्यावर कर्ट त्या परत लावायला आला. सोबत त्याने एक कॉम्प्युटरही आणला होता. रस्ते बर्फाने बंद झाले की अल्बिनला घरबसल्या चर्चची प्रार्थना बघता यावी, आणि त्याचा आवाज माझ्यातून यावा, असा बेत होता. कर्ट मनाने चांगला माणूस आहे. फिनलंडकडच्या लोकांचा वंशज, बोलायला मोजका, हाताला कामसू. त्याला दोष देऊन मी तरी काय मिळवणार?

"अल्बिन, या कॉम्प्युटरची तार आखूड आहे हो," तो फडताळामागून म्हणाला. "इथल्या पहिल्या जोडीपर्यंतच पोचते."

"मग तिथंच घाल की. मला कशाला विचारतोस? हे खातं पावलाचं."

"भोकं सगळी सारखीच आहेत. लालात लाल, पांढऱ्यात पांढरं. रेकॉर्डची तार लांब आहे, ती त्या टोकाला सीडीच्या जागी घालतो. बटण तेवढं सीडीवर फिरवा, झालं."

"तुम्हा फिन लोकांना सौना बांधता येतो, त्यापलीकडं तुमच्यावर भरवसा ठेवायचा म्हणजे कठीणच."

"त्याच सौन्यात दर शनिवारी तुम्हीच वाफ घ्यायला येऊन बसता," कर्ट म्हणाला. मग त्याने विचारले, "ही हिरवी बारीक तार कसली?"

"काय माहीत."

"जास्तीची असेल," कर्ट म्हणाला आणि त्याने ती तशीच सोडून दिली.

तुमच्या लक्षात आले असेलच, मित्रांनो. ज्या जोडीत कुजबुज यायची तिथे कॉम्प्युटर येऊन बसला, आणि कुजबुजणारी सुई गेली भलत्याच टोकाला. कर्टने कॉम्प्युटर चालू केला आणि माझे धाबे दणाणले. तो धडधडीत बोलत होता, आणि माझा तो कप्पा त्याला कुजबुज समजून आणखी कितीतरी पट वाढवत होता. प्रार्थनेऐवजी स्पीकरांतून फाटकी गुरगुर बाहेर पडली.

"म्हातारा झालाय," कर्ट म्हणाला.

"कोण, मी?"

"हा हो, हा रिसीव्हर."

"टीव्ही तर नीट ऐकू येतोय."

"आतला एखादा कप्पा गेला असेल. असू द्या, कॉम्प्युटर आपल्या बारक्या आवाजातच ऐका. वसंतात गावात जुनी यंत्रं गोळा करतात, तेव्हा याला टाकून येऊ."

तेवीस वर्षांच्या नोकरीचा निकाल एवढ्या दोन वाक्यांत लागला. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू. पण खरे वाईट रविवारी व्हायचे होते.

अल्बिन चर्चमधून आला. कॉफी केली, काप ताटलीत घेतला, बटण सीडीवर फिरवले आणि सुई ठेवली. खुर्चीत बसला आणि वाट बघत राहिला. रेकॉर्ड वाजत होती, पण सीडीच्या रस्त्याने कुजबुज उचलणारा कुणी नाही. जेवढे आले तेवढेच मी पुढे दिले. खर्ज नाही, अकॉर्डियनचा भाता नाही, दोन घरे पलीकडे कुणी गावे तसा पावलाचा चिरका, पातळ आवाज. त्याने माझे बटण वाढवले, वाढवत शेवटपर्यंत नेले. तेव्हा अर्थिंग नसल्यामुळे घूं घूं सुरू झाली आणि होती ती पावलाही तिच्यात बुडाली.

त्याने रेकॉर्ड काढून मऊ फडक्याने पुसली आणि पुन्हा लावली. मग टीव्ही लावून पाहिला. हवामान सांगणारा माणूस खणखणीत बोलत होता. म्हणजे कान ठीक होते, मीही ठीक होतो. उरली कोण, तर रेकॉर्ड. त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही हाच हिशेब मांडला असता.

त्याने टीव्ही बंद केला. रेकॉर्ड दोन्ही हातांत धरून तो खुर्चीत बसला आणि हळूच म्हणाला, "तू सांगत होतीस. मीच ऐकलं नाही."

मित्रांनो, मी समोरच होतो. तिचा सबंध आवाज त्या रेघांत शाबूत होता आणि तो उचलायची ताकद माझ्यात होती. मध्ये फक्त एक हात अंतर होते, या भोकापासून त्या भोकापर्यंत. पण मला बोलता येत नाही. मी चालू होतो, दिवा लागलेला होता, एवढेच मला करता आले.

त्यानंतर तीन महिने ती रेकॉर्ड पाकिटातून निघाली नाही. रविवारी तो चर्चमधून यायचा, कॉफी करायचा आणि बंद रेकॉर्ड प्लेअरसमोर बसायचा. पोतीत्सा करून देणाऱ्या शेजारणीला त्याने सांगून टाकले की आता नको, दातांना लागतं. जोलीनचा फोन आला की कधी रस्ता खराब असायचा, कधी सुई तुटलेली असायची, कधी त्यालाच सर्दी. लेकीला कोणत्या तोंडाने सांगणार, की तुझ्या आईचा आवाज तू मागत होतीस तेव्हा दिला नाही आणि आता मी तो ऐकून ऐकून संपवला. तो वाळत चालला होता. मी हे सगळे पाहत होतो.

एप्रिलच्या एका शनिवारी जोलीन न सांगता आली. जुनी यंत्रे गोळा करण्याचा तोच दिवस होता. मला घेऊन जायचे आणि रेकॉर्डही बरोबर न्यायची, असे ठरवूनच ती आली होती. "दुलुथला एक माणूस उतरवून देतो," ती म्हणाली. "दे रेकॉर्ड."

"नाही."

"बाबा, वर्ष झालं मागतेय मी. नुसती तुझी बायको होती का ती? माझी आई नव्हती?"

"जोलीन, जाऊ दे."

"का जाऊ दे? मला एक कारण सांग. सर्दी, बर्फ, सुई, हे सोडून."

अल्बिन उठला, पाकीट घेऊन आला आणि तिच्या हातात दिले. "घेऊन जा. पण त्यात ती राहिली नाही आता. मी झिजवली तिला. घूं घूं तेवढी उरलीय."

जोलीनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग रेकॉर्ड काढून खिडकीशी तिरपी धरली आणि उजेडात फिरवून पाहिली.

"बाबा, झिजलेली रेकॉर्ड करडी पडते. हॉलमधल्या रेकॉर्डी आईनं मला दाखवल्या होत्या. ही तर काळीभोर आहे."

"मी कानानं ऐकलंय."

"बरं," ती म्हणाली. वाद घालायची तिच्यात ताकद नव्हती. मला न्यायचे तर तारा सोडवायला हव्यात, म्हणून ती फडताळामागे गेली आणि वाकली. "ही हिरवी तार लोंबतेय, कशाची?"

"कर्ट म्हणाला, जास्तीची आहे."

"जास्तीची तार? चाळीस वर्षं ट्रक दुरुस्त केलेस, त्यात कधी जास्तीची तार बघितलीस?"

अल्बिन स्वयंपाकघरातून टॉर्च आणि भिंग घेऊन आला. गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत, एक्याऐंशीव्या वर्षी तो माझ्या पाठीमागे जमिनीवर बसला, तेवीस वर्षांत पहिल्यांदा. त्याची बोटे कामाला लागली आणि मी ती लगेच ओळखली. ती चांगल्या मेकॅनिकची बोटे होती, घाई नसलेली. एक तार धरायची, तिच्या मुळापर्यंत जायचे, मगच दुसरीला हात लावायचा.

"तार आहे तर तिला जागाही असणार," तो स्वतःशीच म्हणाला. पत्र्यावर बोट फिरवत तो स्क्रूपाशी आला. भिंग धरून शेजारची अक्षरे वाचली, मग त्या जोडीतल्या तारेच्या मागे मागे गेला. "जोलीन, रेकॉर्डच्या जागेवर हा कॉम्प्युटर बसलाय."

"आणि रेकॉर्ड?"

"सीडीच्या." त्याने भिंग खाली ठेवले. "ट्रकमध्ये असं कुणी केलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं. आणि इथं तीन महिने मी मागं वाकून बघितलं नाही."

त्याने तारा बदलल्या. स्क्रू आवळायला जोलीन पेचकस शोधायला निघाली तर म्हणाला, "लोण्याची सुरी आण." मग बटण फिरवले आणि सुई ठेवली.

आधी थोडी चरचर आली. मग अकॉर्डियनने भाता भरला, त्याचा खर्ज खोलीच्या फळ्यांपर्यंत उतरला, आणि पावला गाऊ लागली. एकवीस वर्षांची, सबंध, खोलीच्या मधोमध. मी थकलो आहे, पण त्या चार मिनिटांत मी काही राखून ठेवले नाही. उजव्या बाजूनेही दगा दिला नाही.

जोलीन कार्पेटवर बसून रडत होती. अल्बिन अजून माझ्या मागेच होता, भिंतीला टेकून, हातात सुरी. दुसऱ्या कडव्यात पावलाचा श्वास एका जागी अपुरा पडतो आणि शब्द अर्धा राहतो. ती जागा आली तसा तो म्हणाला, "इथं चुकायची. कायम इथंच."

मग जोलीनने कॉम्प्युटर जवळ ओढून त्याची तार माझ्या टेपच्या, म्हणजे आवाज बाहेर देणाऱ्या जोडीला लावली. मी रेकॉर्डचा आवाज एकीकडे खोलीत सोडत होतो, दुसरीकडे कॉम्प्युटरकडे पोचवत होतो, आणि दोन्ही बाजू नीट उतरल्या. मला कुणी न्यायला आले होते, हे दोघेही विसरून गेले.

"परत लाव," अल्बिन म्हणाला.

"कॉम्प्युटरवरून लावते, बाबा. आता रेकॉर्ड कशाला झिजवायची?"

"झिजू दे," तो म्हणाला. "तीन महिने झिजली नाही, त्याचं काय केलं मी?"

मित्रांनो, माझे सांगणे संपले. मी अजून फडताळावर आहे, पण फार दिवस नाही, हे मला कळते. धूळ पुसा, बटणे सावकाश फिरवा, हे तर तुम्हाला कुणीही सांगेल. माझे मागणे थोडे निराळे आहे. घरातले एखादे यंत्र गप्प झाले, किंवा एखादे माणूस गप्प झाले, तर ते संपले असे समोर बसून ठरवू नका. गुडघे दुखले तरी मागे जाऊन एकदा वाकून बघा. तारा उलट्या लागल्या तर सुलट्या करता येतात. पण पावला खोलीत होती आणि अल्बिन तिच्यावाचून बसून होता, ते बारा रविवार मला कुठूनही परत आणता आले नाहीत.